ना घरचीं, ना रानचीं

कोंबडें झांकून ठेवलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. प्रशांत महासागरांतील काउआई नांवाच्या बेटावर तांबडें फुटायला अजून दोन-तीन तासांचा अवकाश असतो, आणि कोंबडें मात्र झांकतां झांकत नाहीं. रात्रीं अडीच-तीनच्या सुमारास एखाद्या झाडाच्या फांदीवरून पहिली बांग उठते. तिला शेजारच्या आवारांतून उत्तर मिळतें, त्याला पलीकडच्या आळींतून प्रत्युत्तर येतें, आणि बघतां बघतां सारें गांव त्या आवाजानें भरून जातें. रस्त्यानें एखादी मोटार गेली आणि तिच्या दिव्याचा झोत झाडावर पडला कीं तेवढें निमित्तही पुरतें. जपानमधील नागोया विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं इ. स. २०१३ मध्यें असें दाखवून दिलें कीं, कोंबड्याचें आरवणें सूर्यप्रकाशावर अवलंबून नसून त्याच्या देहांतील घड्याळावर चालतें. उजेड आणि दुसऱ्याची बांग यांनीं त्यास केवळ चेतना मिळते. काउआईच्या रहिवाशांस हें शास्त्र अनुभवानें आधींच अवगत होतें.

काउआई हें हवाई द्वीपसमूहाच्या मुख्य बेटांपैकीं सर्वांत उत्तरेकडील बेट. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १४३० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या सव्वादोनपटीहून थोडें अधिक, परंतु इ. स. २०२० च्या शिरगणतींत तेथें माणसें भरलीं तीं अवघीं ७३ हजार. मध्यभागीं ढगांत बुडालेले डोंगर, कडेनें वाळूचे किनारे, आणि मधल्या सखल पट्टींत एके काळीं उंसानें झांकलेली जमीन, असें त्याचें स्वरूप आहे. या बेटाची दुसरी ओळख म्हणजे तेथील मोकाट कोंबडीं. विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशाचें स्वागत कित्येकदां फुलांच्या माळेपूर्वीं कोंबडीच करते. प्रार्थनामंदिरांचीं आवारें, शाळांचीं पटांगणें, दुकानांपुढील मोटारी उभ्या करण्याच्या जागा, समुद्रकांठचीं उपाहारगृहें, कोठेंही पाहावें तर तांबूस-सोनेरी मानेचा, काळ्याभोर झुपकेदार शेपटीचा कोंबडा ऐटींत फिरत आहे आणि पिलांची रांग घेऊन कोंबडी रस्ता ओलांडीत आहे, असें दृश्य दिसतें.

प्रवाशांस या दृश्याचें कौतुक वाटतें. कोंबड्याचें चित्र छापलेले सदरे आणि पेले तेथील दुकानांतून खपतात. परंतु ज्याला पहांटे उठून कामावर जावयाचें आहे, ज्यानें परसांत भाजीचीं रोपें लावलीं आहेत, ज्याच्या ओटीवर रोज विष्ठेचा सडा पडतो, त्याचें मत निराळें असतें. नुकतीच रुजलेली पाती उकरून टाकणें, वाफ्यांतील पाला पायांनीं उधळून देणें, मोटारींच्या आडवें येणें, या साऱ्या तक्रारी खऱ्या आहेत. त्याबरोबरच हींच कोंबडीं झुरळें टिपतात आणि त्या बेटावरील दंश करणारी मोठी घोण फस्त करतात, म्हणून त्यांस दुवा देणारेही लोक आहेत. एकाच आळींत एक शेजारी सांपळा लावतो आणि दुसरा मूठभर दाणे फेंकतो. हा तंटा सुटत कां नाहीं, हें समजण्यासाठीं या पक्ष्याचा इतिहास पाहिला पाहिजे.

कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे आशियांतील तांबडा रानकोंबडा. जगांतील सर्व पाळीव कोंबडीं याच एका जातीपासून उत्पन्न झालीं, असें मत चार्लस डार्विननें इ. स. १८६८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाळीव प्राणी व वनस्पतींवरील आपल्या ग्रंथांत मांडलें. आधुनिक आनुवंशशास्त्रानें तें बहुतांशीं खरें ठरविलें आहे. त्यांतील एक दुरुस्ती मात्र मराठी माणसाला मौजेची वाटेल. अनेक पाळीव कोंबड्यांचे पाय पिवळे असतात. तो पिवळा रंग देणारें जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेलें नसून राखी रानकोंबड्याकडून आलेलें आहे, असें इ. स. २००८ मध्यें सिद्ध झालें. सह्याद्रीच्या झाडींत पहांटे ज्याची तुटक बांग ऐकूं येते तो हाच राखी रानकोंबडा. म्हणजे सातासमुद्रांपलीकडे फिरणाऱ्या पिवळ्या पायांच्या कोंबड्याशीं आपल्या घाटमाथ्याचें दूरचें नातें आहे.

हा रानपक्षी माणसाळला कसा, यासंबंधीं इ. स. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेलें संशोधन फार उद्बोधक आहे. पाळीव कोंबडीचीं सर्वांत जुनीं खात्रीलायक हाडें थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळीं सांपडलीं असून त्यांचा काळ इ. स. पूर्वीं १६५० ते १२५० च्या दरम्यान जातो. त्याच सुमारास त्या प्रदेशांत भाताची आणि भरड धान्याची कोरडवाहू शेती पसरत होती. रान तोडून केलेल्या शेतांत आणि खळ्यांत धान्य सांडे. तें टिपण्यासाठीं रानकोंबडीं झाडींतून बाहेर येत. संशोधकांच्या मतें माणसानें त्यांना जाळें टाकून आणण्यापूर्वीं तीं आपण होऊन माणसाजवळ आलीं, आणि दाणा मिळतो असें पाहून राहिलीं. हा मुद्दा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. काउआईच्या कथेच्या शेवटीं त्याचा पुन्हा उपयोग होणार आहे.

काउआईवर हा पक्षी उडत गेला असणें शक्य नाहीं. कारण कोंबड्याचें उड्डाण फार तर कुंपणापासून फांदीपर्यंत. त्याला तेथें नेलें तें पॉलिनेशियन दर्यावर्द्यांनीं. सुमारें आठशें ते हजार वर्षांपूर्वीं हे लोक दोन होड्या एकत्र जोडून बांधलेल्या शिडाच्या नौकांतून, तारे, लाटा आणि पक्ष्यांचीं उड्डाणें यांच्या आधारानें, दक्षिणेकडून हवाईला पोहोंचले. अशी सफर खरोखर साधते काय, या शंकेचें निरसन इ. स. १९७६ मध्यें झालें. जुन्या धर्तीवर बांधलेली ‘होकुलेआ’ नांवाची नौका त्या वर्षीं एकाही यंत्राच्या साहाय्यावांचून माउई बेटाहून ताहितीस सुमारें एका महिन्यांत पोहोंचली. प्राचीन दर्यावर्द्यांच्या नौकांत संसाराचें सारें बी-बियाणें असे. अळूं, केळ, ऊंस, रताळें, नारळ, नीरफणस आणि हळद, अशा कोंकणांतल्या परसांत शोभणाऱ्या वनस्पती त्यांनीं नेल्या. जनावरांत डुक्कर, कुत्रा आणि कोंबडा होता. कोंबड्याला हवाईच्या भाषेंत ‘मोआ’ म्हणतात. त्याचें मांस खाण्यांत येई, पिसें अलंकारांस लागत आणि झुंजी हा करमणुकीचा विषय होता. कांहीं मोआ वस्तींतून निसटून डोंगरांतील रानांत स्थिरावले. ज्या रानांत त्यांना खाणारें मोठें सस्तन श्वापद एकही नव्हतें, तेथें त्यांचें बस्तान बसावें यांत नवल नाहीं.

इ. स. १७७८ च्या जानेवारींत इंग्रज कप्तान जेम्स कुक याचीं जहाजें काउआईच्या वाइमेआ येथील किनाऱ्याला लागलीं. लोखंडी खिळ्यांच्या बदल्यांत तेथील लोकांनीं त्याला डुकरें आणि कंद दिले. बेटावर डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी हीं तीनच पाळीव जनावरें आढळलीं, आणि तीं दक्षिणेकडील बेटांवरच्या जातीचींच होतीं, अशी नोंद त्याच्या प्रवासवृत्तांत आहे. त्यानंतर युरोप आणि अमेरिकेंतील जहाजें येऊं लागलीं, त्यांबरोबर तिकडच्या कोंबड्याही आल्या, आणि जुन्या मोआच्या शेजारीं दुसरें एक कुळ नांदूं लागलें.

इ. स. १८३५ मध्यें काउआईवरील कोलोआ येथें उंसाचा मोठा मळा सुरू झाला, आणि पुढें सुमारें पावणेदोनशें वर्षें त्या बेटाचें जीवन साखरेभोंवतीं फिरत राहिलें. मळ्यांत राबण्यासाठीं चीन, जपान, पोर्तुगाल, प्वेर्तो रिको आणि फिलिपाइन्स येथून मजूर आले. त्यांच्या झोंपड्यांमागें खुराडीं उभीं राहिलीं. कोणी अंड्यांसाठीं कोंबड्या पाळल्या, कोणी झुंजीसाठीं कोंबडे जोपासले. साखरेबरोबर उंदरांचा उपद्रवही वाढला. उभ्या उंसाचीं कांडीं उंदीर कुरतडीत, आणि मळेवाल्यांचें नुकसान होई. यावर जो उपाय योजण्यांत आला, त्याचा उगम हिंदुस्थानांत आहे.

इ. स. १८७२ मध्यें विल्यम बँक्रॉफ्ट एस्प्यूट या मळेवाल्यानें कलकत्त्याहून नऊ मुंगसें जमैका बेटावर नेलीं आणि उंदरांवर सोडलीं. मुंगसाची कीर्ति हवाईपर्यंत पोहोंचली. इ. स. १८८३ मध्यें हवाई बेटाच्या हामाकुआ किनाऱ्यावरील मळेवाल्यांनीं जमैकाहून ७२ मुंगसें मागविलीं, आणि त्यांचा वंश पुढें माउई, मोलोकाई व ओआहू या बेटांवरही नेऊन सोडण्यांत आला. साप दिसला कीं झडप घालणारें हें चपळ जनावर आपल्याकडे शेतकऱ्याचें मित्र मानलें जातें. पण तेथें साप नव्हते. शिवाय उंदीर मुख्यतः रात्रीं हिंडतो आणि मुंगूस दिवसा शिकार करतें, ही साधी गोष्ट विचारांत घेतली गेली नाहीं. उंदीर राहिले ते राहिलेच. जमिनीवर घरटें करणाऱ्या पक्ष्यांचीं अंडीं आणि पिलें मात्र मुंगसाच्या भक्ष्यस्थानीं पडलीं. रोग परवडला पण औषध नको, म्हणतात त्यांतला हा प्रकार झाला. त्या बेटांवरील रानांतून मोआ नाहींसा होत गेला.

काउआई या संकटांतून वांचलें. तें कसें वांचलें याविषयीं तेथें एक आख्यायिका सांगतात. नाविलिविली बंदरांत मुंगसांचे पिंजरे उतरवीत असतां एका मुंगसानें गोदींतील हमालाच्या बोटाचा कडाडून चावा घेतला, आणि त्यानें संतापाच्या भरांत तो पिंजरा समुद्रांत लोटून दिला. आख्यायिका खरी असो वा रचलेली असो, मुंगसांनीं काउआईवर वस्ती केली नाहीं एवढें खरें. जमिनीवर अंडीं घालणाऱ्या कोंबडीला एवढी सुरक्षितता पुरेशी झाली. डोंगरांतील कोकेए येथील रानांत मोआ टिकून राहिला, आणि वस्तींतील खुराड्यांत पाळीव कोंबडीं राहिलीं. दोघांच्या मधें उंसाचे मळे होते.

हें अंतर पुढें निसर्गानेंच पुसून टाकलें. इ. स. १९८२ च्या नोव्हेंबरांत ‘इवा’ नांवाचें चक्रीवादळ काउआईवर आदळलें. त्यांतून बेट सावरतें न सावरतें तोंच, दहा वर्षांनीं, ११ सप्टेंबर १९९२ रोजीं ‘इनिकी’ हें त्याहून भयंकर वादळ आलें. वाऱ्याचा वेग ताशीं सुमारें २३० किलोमीटर होता. सहा माणसें मृत्यु पावलीं, चौदाशेंहून अधिक घरें जमीनदोस्त झालीं, आणि हजारों घरांचीं छपरें उडालीं. जेथें माणसांच्या घरांची ही दशा झाली तेथें खुराड्यांची काय कथा! अंड्यांच्या कोंबड्या आणि झुंजीचे कोंबडे वाऱ्यावर पांगले. घर उभारण्याच्या विवंचनेंत असलेल्या माणसाला त्यांचा शोध करण्यास सवड नव्हती. मोकाट कोंबडीं पूर्वींही कोठें कोठें दिसत. परंतु गांवोगांवीं त्यांचे थवे झाले ते इनिकीनंतर, असें बेटावरील जुनीं माणसें सांगतात.

लोकांच्या या आठवणीला पुढें शास्त्राचा आधार मिळाला. एबेन गेरिंग, डॉमिनिक राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं काउआईवरील मोकाट कोंबड्यांच्या आनुवंशिक द्रव्याचें परीक्षण करून इ. स. २०१५ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईकडून उतरणाऱ्या आनुवंशिक खुणांमध्यें दोन कुळें स्पष्ट दिसलीं: एक पॅसिफिक बेटांवरील प्राचीन कोंबड्यांचें, दुसरें युरोपांतून पसरलेल्या पाळीव कोंबड्यांचें. रूप, रंग आणि बांग यांतही तोच संकर आढळला. नौकेंतून आलेला मोआ आणि खुराड्यांतून सुटलेली कोंबडी यांची सोयरीक झाली होती, आणि ती फार जुनी नव्हती.

त्याच संशोधकांच्या इ. स. २०१६ मधील लेखांतून आणखी एक गोष्ट पुढें आली. पाळीव जनावर रानांत सोडलें कीं तें हळूहळू आपल्या मूळ पूर्वजासारखें होतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काउआईच्या कोंबड्यांमध्यें नैसर्गिक निवडीचा प्रभाव ज्या जनुकांवर दिसला तीं बहुतेक निराळींच होतीं. माणसानें कोंबडी पाळतांना ज्या जनुकांत फेरफार घडले, तेच फेरफार उलट्या दिशेनें पुसले जात होते असें आढळलें नाहीं. म्हणजे हा पक्षी आल्या वाटेनें रानांत परत न जातां स्वतःची नवीन वाट काढीत होता. कांहीं जुने गुण मात्र त्याच्या पथ्यावर पडले. कारखानदारी पद्धतीनें पाळलेली कोंबडी वर्षाला तीनशेंच्या आसपास अंडीं देते, पण खुडूक बसण्याची वृत्ति तिच्यांतून जवळजवळ नाहींशी केलेली असते. मोकाट कोंबडी अंडीं थोडीं घालते, परंतु झुडपाच्या आडोशाला २१ दिवस चिकाटीनें बसून तीं उबविते आणि पिलांना पंखांखालीं घेऊन वाढविते. मोकळ्या जगांत वंश चालतो तो अंड्यांच्या संख्येवर नव्हे, या चिकाटीवर.

आतां कायद्याची अडचण पाहावी. डोंगरांतील सरकारी रानांत राहणारा मोआ हा वन्य पक्षी, म्हणून संरक्षणास पात्र. गांवांतील मोकाट कोंबडी ही पाळीव जातीची, म्हणून वन्य प्राण्यांच्या खात्याच्या कक्षेबाहेर. परंतु पाळीव म्हणावी तर तिला धनी नाहीं. नुकसानभरपाई मागावी कोणाकडे? आणि दोघांच्या रक्ताचें मिश्रण झालें असतां मोआ कोठें संपतो आणि कोंबडी कोठें सुरू होते, हें ठरवावें कोणी? कायद्यानें घर आणि रान अशीं दोन दालनें केलीं आहेत. हा पक्षी नेमका उंबरठ्यावर उभा आहे.

मग लोक त्यांना पकडून खात कां नाहींत, असा प्रश्न साहजिकच सुचतो. त्याचें उत्तर तेथें एका विनोदानें दिलें जातें. मोकाट कोंबडा शिजवावयाचा असेल तर पातेल्यांत त्याच्याबरोबर एक दगड टाकावा. दगड मऊ झाला म्हणजे कोंबडा शिजला असें समजावें. आपल्याकडे शेळी जाते जिवानिशीं आणि खाणारा म्हणतो वातड. तेथें वातडपणाच कोंबड्याच्या जिवाला आधार झाला आहे. बाजारांत कोंवळें, साफ केलेलें मांस सहज मिळत असतां उकिरड्यावर चरलेल्या निबर पक्ष्यामागें धांवण्याची हौस फार थोड्यांना असते.

राहतां राहिला पकडण्याचा उपाय. तो दुसऱ्या ठिकाणीं करून पाहिलेला आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा संस्थानाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नांवाचें लहानसें बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत क्यूबांतील युद्धाला कंटाळून तेथें आलेल्या विड्या वळणाऱ्या कारागिरांनीं आपल्याबरोबर कोंबडीं आणलीं आणि झुंजीचा नादही आणला. इ. स. १९८६ मध्यें फ्लोरिडांत झुंजींवर बंदी आली, झुंजीचे कोंबडे निरुपयोगी झाले, आणि मोकाट कोंबड्यांची संख्या वाढत गेली. इ. स. २००४ मध्यें नगरसभेनें एका न्हाव्याला कोंबडीं पकडण्यासाठीं नेमलें. दर पक्ष्यामागें वीस डॉलर मजुरी ठरली. त्यानें कांहीं शें पक्षी धरलेही. पण कोंबड्यांच्या कैवाऱ्यांनीं ओरड केली, सांपळ्यांची मोडतोड होऊं लागली, आणि थोड्याच महिन्यांत ती योजना बारगळली. इ. स. २०२१ मध्यें त्याच नगरसभेनें निराळा मार्ग धरला: मोकाट कोंबड्यांना दाणा टाकणें हाच गुन्हा ठरवून तिनें दंड लावला.

हवाईची राजधानी होनोलुलू ओआहू बेटावर आहे. तेथेंही अलीकडे मोकाट कोंबडीं फार झालीं. तेथील नगरशासनानें सांपळे लावण्याचा एक प्रायोगिक उपक्रम हातीं घेतला. त्यांत दोन महिन्यांत सुमारें सात हजार डॉलर खर्च होऊन ६७ कोंबडीं हातीं लागलीं, असें इ. स. २०२३ मध्यें जाहीर झालें. म्हणजे एका कोंबडीला शंभर डॉलरहून अधिक खर्च आला; बाजारांतील उत्तम कोंबडी त्याच्या अल्पांशांत मिळाली असती.

असें कां व्हावें, हें साध्या हिशेबानें समजतें. समजा, एका आवारांत दहा कोंबड्या आहेत. त्यांतील नऊ पकडल्या आणि एक निसटली. तिनें वर्षांत दोन वेळां अंडीं उबवून प्रत्येक वेळीं पांच पिलें वाढविलीं, तर वर्षाअखेर त्या आवारांत पुन्हा अकरा पक्षी दिसतील. जेथें दाणा आहे, पाणी आहे आणि बसावयास झाड आहे, तेथें रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहत नाहीं. कोंबड्यांची संख्या सांपळ्यांच्या संख्येवर ठरत नाहीं. ती ठरते उपाहारगृहाच्या मागें उघड्या पडलेल्या उष्ट्यावर, मोकाट मांजरांसाठीं ठेवलेल्या खाद्यावर, आणि प्रवाशानें हौसेनें फेंकलेल्या पावाच्या तुकड्यावर.

यावर कोणी म्हणेल, काउआईवर मुंगूस नाहीं म्हणून ही आपत्ति. तेव्हां मुंगूसच आणावें. इतिहासानें या सूचनेचें उत्तर दोन प्रकारें दिलेलें आहे. पहिलें म्हणजे ओआहूवर एकोणिसाव्या शतकापासून मुंगूस असूनही होनोलुलूंत कोंबडीं वाढलींच. माणसाच्या अन्नाचा आधार असला कीं शत्रूचें भय निम्में होतें. दुसरें उत्तर अधिक गंभीर आहे. ज्या सुरक्षिततेमुळें काउआईवर कोंबडी माजली, त्याच सुरक्षिततेमुळें तेथें दुर्मिळ पक्षी जगले आहेत. ‘नेने’ हा हवाईचा स्वतःचा राजहंस. विसाव्या शतकाच्या मध्यास रानांत अवघे तीसेक नेने उरले होते. पिंजऱ्यांत वाढवून सोडलेल्या पक्ष्यांपासून त्यांचा वंश पुन्हा वाढला, आणि तो सर्वांत चांगला वाढला काउआईवर. इ. स. २०१९ मध्यें हा पक्षी ‘विनाशाच्या कडेवरील’ या वर्गांतून कमी धोक्याच्या वर्गांत आणण्याचा निर्णय जाहीर झाला. डोंगरांतील बिळांत अंडीं घालणारे कांहीं दुर्मिळ सागरी पक्षीही याच बेटाच्या आश्रयानें टिकून आहेत. म्हणूनच इ. स. २०१२ मध्यें काउआईवर दोन जिवंत मुंगसें सांपळ्यांत सांपडलीं, तेव्हां अधिकाऱ्यांची झोंप उडाली. कोंबड्याच्या बांगेनें झोंपमोड होणें वेगळें, आणि ही झोंप उडणें वेगळें.

या प्रकरणांत आणखी एक हानि आहे. ती कोणाच्या तक्रारींत येत नाहीं, कारण ती डोळ्यांना दिसत नाहीं. गांवांतील संकरित कोंबडीं जसजशीं डोंगराकडे सरकतात, तसतसें पाळीव रक्त कोकेएच्या रानांतील जुन्या मोआमध्यें मिसळत जातें. उंसाचा शेवटचा मोठा मळाही एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर बंद पडला. मधली भिंत कधींच ढासळली आहे. एकाही पक्ष्यावर गोळी न झाडतां, नौकेंतून आलेला तो प्राचीन वंश सामान्य कोंबड्यांत विरून जाण्याचा संभव आहे. हवाईच्या मूळ रहिवाशांच्या दृष्टीनें मोआ हा पूर्वजांच्या नौकेंतील सहप्रवासी आहे. सरसकट सारीं कोंबडीं मारून टाकावींत तर त्यांत तोही जाईल. सारीं तशींच राहूं द्यावींत तर तो नांवापुरता उरेल. गांवांतील संख्या आटोक्यांत ठेवणें आणि डोंगराकडे जाणारा त्यांचा ओघ थोपविणें, एवढाच विवेकाचा मार्ग उरतो. आणि त्या मार्गाचा आरंभ अन्न आंवरण्यापासून होतो.

साडेतीन हजार वर्षांपूर्वीं थायलंडच्या एका खळ्याजवळ सांडलेले दाणे टिपावयास जो पक्षी झाडींतून बाहेर आला, तोच आज काउआईच्या उपाहारगृहापुढें पावाचे तुकडे टिपीत आहे. त्याचा स्वभाव फारसा पालटलेला नाहीं. माणसानें त्याला नौकेंत घालून नेलें, जहाजांतून त्याचे भाऊबंद आणले, खुराड्यांत ठेवलें, वादळानंतर मोकळें राहूं दिलें, आणि दाणा घालणें मात्र कधींच थांबविलें नाहीं. तेव्हां उपद्रव कोणाचा, या प्रश्नाचा निकाल एकट्या कोंबड्याविरुद्ध देतां येत नाहीं. उकिरड्यावर झांकण घालणें, मांजराची थाळी रात्रीं उचलून ठेवणें, प्रवाशाचा हात नम्रपणें अडविणें, हीं कामें क्षुल्लक दिसतात. त्यांना सांपळ्याची शोभा नाहीं आणि बंदुकीचा आवाज नाहीं. परंतु काउआईच्या आळींतील त्या दोन शेजाऱ्यांचा तंटा मिटावयाचा असेल, तर सांपळा लावणाऱ्याच्या हातापेक्षां दाणे फेंकणाऱ्याची मूठ मिटणें अधिक उपयोगाचें आहे. कोंबडें झांकण्याचा प्रयत्न माणसानें पुष्कळ केला. आतां अन्न झांकून पाहावें.